बसल्या बाबाची ओळख

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी गावोगाव जाऊन जुन्या दगडांवर बोलायला लागलो. मुखेडच्या हायस्कूलमध्ये इतिहास शिकवण्यात सगळी नोकरी गेली. आपल्या भागाबद्दल पाठ्यपुस्तकात जेमतेम अर्धं पान असायचं आणि ते शिकवताना मला ओशाळल्यासारखं व्हायचं, कारण शाळेमागच्या माळावरच लढाईत पडलेल्या माणसांचे कोरीव वीरगळ उभे होते आणि बाया त्यांच्यावर गोवऱ्या थापत होत्या. मुलाचा जुना लॅपटॉप, एक हलका प्रोजेक्टर आणि घरचीच पांढरी चादर घेऊन मी एसटीनं निघायचो. कुणी शाळेत बोलवायचं, कुणी देवळाच्या सभामंडपात, कुणी आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात.

लोक ऐकायचे. फोटो बघून हसायचे, आपलाच दगड पडद्यावर मोठा झालेला पाहून एकमेकांना कोपरानं ढोसायचे. पण शेवटी एक प्रश्न ठरलेला: "सर, त्याच्याखाली काही असंल का?" काही म्हणजे सोनं. मी नाही म्हणायचो. माझ्या आधीही लोक खणत होते, माझ्यानंतरही खणत राहिले. एका गावानं भाषण ऐकून बारवेतला कचरा उपसला होता, ती एकच गोष्ट मी सगळ्यांना सांगत सुटायचो. बायको म्हणाली, "अन् परत भरली की ती. मागच्या महिन्यात लग्नाला गेलो तेव्हा मी पाहिली. पत्रावळ्याच पत्रावळ्या." टोमणा नव्हता तो. तिनं पाहिलं तेच सांगितलं.

तरीही मी जात होतो, आणि त्यातूनच मामाच्या गावी बोलण्याची वेळ आली.

मामा म्हणजे आईचा सगळ्यात धाकटा भाऊ. एसटीत कंडक्टर होता. रिटायर होऊन वर्षं लोटली तरी पांढरा शर्ट, खिशाला पेन आणि ताठ मान, यात कधी फरक पडला नाही. त्याचं गाव देगलूरच्या वाटेवर, थोडं आत. गावाच्या आणि आमच्या वस्तीच्या मधे एक मोकळी जागा आहे, तिथं लिंबाखाली एक शेंदरी ढेपूळ होतं. खाली मांडीसारखं रुंद, वर छातीसारखं उभं, असा काहीसा बसलेल्या माणसाचा आकार. गाव त्याला बसला बाबा म्हणायचं. जनावरं आजारी पडली की त्याला तेल वाहायचे. आमच्या वस्तीतल्या पोरांनी लहानपणी त्याला हात लावायचा नाही, असा रिवाज होता. पुढं रिवाज गेला, पण हात लावायला कुणी गेलंही नाही.

दीक्षा घेऊन आल्यावर मामाच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, त्याला त्या ढेपळासमोर उभं करून सांगितलं होतं, "हा बुद्ध हाय. आपला माणूस हाय. ह्याला शेंदूर फासून लपवून ठिवलंय." आजोबांना लिहिता येत नव्हतं. त्यांनी कशावरून ठरवलं, कुणास ठाऊक. पण मामा तेव्हा लहान होता आणि ते त्यानं जन्मभर धरून ठेवलं. ड्यूटीवरून घरी येताना तो लिंबापाशी थांबायचा, लांबूनच हात जोडायचा, आणि कुणी बघत असलं तर बुटाची नाडी बांधल्यासारखं करायचा. हे त्यानं मला स्वतः हसत हसत सांगितलेलं.

भादव्यात सलग पाऊस लागला. एके दिवशी मामाचा फोन आला.

"भाच्या, खोळ गळाली. आतून मूर्ती निघाली, लई सुंदर. तू ये."

पिढ्यान्‌पिढ्या शेंदराचे थर चढले की त्याचं कवच होतं, आणि ते कधीतरी आपोआप सुटतं. तसंच झालं होतं. आतून काळ्या दगडातला पद्मासन घातलेला पुरुष निघाला होता. हात मांडीवर एकात एक. नाक झिजलेलं, डोळे जवळजवळ पुसलेले, ओठ मात्र जसेच्या तसे. मी पोचलो तेव्हा निम्मं गाव तिथं होतं. तिथला सरपंच माझाच विद्यार्थी. चांगला, मऊ बोलणारा शेतकरी. तो पुढं आला. "गुरुजी, बघा आता तुम्हीच," म्हणाला.

मी वाकून बघू लागलो. मामा माझ्या शेजारी बसला. जरा थांबून त्यानं हात पुढं केला आणि मूर्तीच्या गुडघ्यावर ठेवला. सरपंचानं ते पाहिलं. बाकीच्यांनीही पाहिलं.

"किती गार हाय रे," मामा म्हणाला.

मला मात्र तोवर दिसलं होतं. अंगावर वस्त्राची एक रेघसुद्धा नव्हती. डोक्यावर एकावर एक अशा तीन छत्र्या कोरलेल्या होत्या. दोन्ही बाजूंना चवरी धरलेले सेवक. तो बुद्ध नव्हता, आणि जमलेल्यांत काहीजण म्हणत होते तसा शंकरही नव्हता. तो जैनांचा तीर्थंकर होता. मी गप्प बसून फोटो काढले आणि विद्यापीठातल्या एका जाणत्या मैत्रिणीला पाठवले. तिचं उत्तर संध्याकाळच्या आत आलं. तिनंही तेच सांगितलं.

गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापिका लातूरच्या. गावात खोली करून राहायच्या, दर शनिवारी घरी जायच्या. त्यांना अशा गोष्टींचा भारी उत्साह. त्यांनी लगेच ठरवलं की शाळेत कार्यक्रम घ्यायचा, मूर्तीची ओळख सगळ्या गावाला करून द्यायची. देवळात घेतला असता तर वस्ती आली नसती, समाजमंदिरात घेतला असता तर गाव आलं नसतं. शाळेत दोघंही येणार होते. अशी बैठक त्या गावात आधी कधी झाली होती का, मी विचारलं. बाई म्हणाल्या, "मतदानाला येतात एका रांगेत. बाकी नाही."

कार्यक्रमाच्या सकाळी मी आधी सरपंचाकडं चहा घेतला. तो कपाकडं बघत म्हणाला, "गुरुजी, सगळ्यांचं मन राहील असं बोला. तुम्हाला काय सांगायचं आम्ही."

"खरं आहे तेवढंच बोलणार," मी म्हणालो.

"खरं बोला की. पण जरा आडून बोला."

तिथून मामाकडं गेलो. मामीनं मुरमुऱ्यांचा सुशीला केला होता, वर कच्च्या शेंगदाण्याचं कूट. मामा दाढी करून, शर्ट घालून बसलेला. ताटातलं काही उचलत नव्हता. त्याला सगळ्यांसमोर ऐकायला लागू नये म्हणून मी तिथंच सांगून टाकलं.

"मामा, तो बुद्ध नाही."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "नीट बघितलंस?"

"बघितलं. विद्यापीठातही दाखवलं. जैनांची मूर्ती आहे ती."

"आपल्या गावात जैनाचं एक घर न्हाई."

"आता नाही. हजार वर्षांपूर्वी या भागात पुष्कळ होते. इथं त्यांची वस्ती असणार, मंदिर असणार."

मामीनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि आत गेली. मामानं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "आज बोलू नको. तब्येत बरी न्हाई म्हण."

"लोक जमलेत मामा."

"जमू दे. घरी जातील."

मला ते जमलं नाही. मी शाळेत गेलो. वाटलं होतं मामा येणार नाही. तो आला आणि पहिल्या ओळीत बसला.

मुख्याध्यापिकांनी खिडक्यांना सतरंज्या लावून वर्गात अंधार केला होता. पोरांनी मूर्तीची चित्रं काढून भिंतीवर डकवली होती, प्रत्येकाचा बाबा वेगळा. वर्ग भरून लोक व्हरांड्यात उभे. मी मन लावून बोललो. इथून घोड्यांवरून माल न्यायचे त्या व्यापाऱ्यांबद्दल, कंधारकडच्या जुन्या राजांबद्दल, ज्यांनी सगळ्या पंथांना जमिनी दिल्या. एकाच गावात तीन-तीन धर्मांची देवळं कशी नांदायची ते सांगितलं. पडद्यावर तीन छत्र्या दाखवल्या, वस्त्राची रेघ नाही ते दाखवलं. आणि शेवटी, ज्याच्यावर माझी सगळी भिस्त होती ते वाक्य बोललो, "ही मूर्ती आज आपल्यापैकी कुणाचीच नाही. म्हणून ती आपल्या सगळ्यांची आहे. आपण मिळून सांभाळूया."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग भिंतीशी बसलेली एक म्हातारी म्हणाली, "मास्तर, मग इतके दिस आम्ही निवद कुणाला दावला?"

"त्यालाच आजी."

"पर त्यो तर दुसऱ्याचा निघाला."

लोक हसले. मलाही वाटलं, हसण्यावर निभावलं. तेवढ्यात मागून वस्तीतला एक तरुण बोलला, "सर, तुम्ही आपलेच हाव ना? मग तुम्हाला असं बोलायला कुणी लावलं?" लगेच दुसऱ्या बाजूनं एकजण उठला. "तीर्थंकर-बिर्थंकर काही न्हाई. आमचा महादेव ध्यानाला बसलाय. त्याला नागवा म्हणून राहिले तुम्ही." सरपंचानं दोघांना हातानं खाली बसवलं. त्यानं चांगली सूचनाही केली: लिंबाखाली ओटा बांधू, वर पत्रा टाकू, शेंदूर लावायचा नाही, झेंडा लावायचा नाही, शेजारी सरांनी सांगितलेली माहिती लिहून फळा लावू. सगळे हो म्हणाले. मुख्याध्यापिकांनी मला शाल आणि नारळ दिला. मामा माझ्याकडं न बघता बाहेर पडला.

काही दिवस खरंच शांततेत गेले. सरपंचानं विटा टाकून घेतल्या. मग कुणीतरी माझ्या भाषणाचा व्हिडिओ तुकडे करून मोबाईलवर फिरवला. वस्तीच्या ग्रुपवर फक्त "बुद्ध नाही" एवढंच. गावाच्या ग्रुपवर "शंकर नाही, अंगावर वस्त्र नाही" एवढंच. दोन्हीकडं मीच बोलत होतो, माझाच आवाज, माझाच चेहरा. सकाळी उठून बघतात तो मूर्तीला गुडघ्यापासून डोक्यापर्यंत ताजा शेंदूर आणि शेजारी भगवा झेंडा. दुसऱ्या दिवशी शेंदूर घासून काढलेला आणि पंचशील झेंडा रोवलेला. मग दगडफेक. फार मोठी नाही, पण शाळेच्या खिडकीची काच फुटली आणि एका पोराच्या कपाळाला टाके पडले.

पोलिसांची गाडी आली. शांतता बैठक झाली. मला जाणकार म्हणून बोलावलं आणि लेखी मागितलं. मी सविस्तर लिहून दिलं. बैठकीला आलेल्या तहसीलदार साहेबांनी ते मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "हे दोन्ही पक्षांना मान्य आहे का?" दोन्ही पक्ष नाही म्हणाले. सगळ्या भांडणात तेवढ्या एकाच गोष्टीवर त्यांचं एकमत झालं. निर्णय लागेपर्यंत मूर्ती गावात नको, तालुक्याला तहसीलच्या आवारात ठेवायची, असं ठरलं.

मूर्ती न्यायच्या दिवशी मी तिथं होतो. जेसीबी आणली होती. मी म्हणत होतो, भोवतीची माती हातानं उकरा, मूर्ती खालून सोडवा, गोणपाट गुंडाळा. साहेब चांगला माणूस होता, पण त्याला तणाव वाढायच्या आत तिथून निघायचं होतं. साखळी मूर्तीच्या काखेतून घातली. मामा गर्दीतून पुढं आला. भाषण झालं त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलला नव्हता. जेसीबीच्या ड्रायव्हरला मात्र तो सांगत होता, "जपून, बाबा, जपून. हळू घे." साखळी ताणली गेली, मूर्ती एका बाजूला कलली आणि तिची दगडी बैठक तळाशी मोडली. तिचा खालचा भाग जमिनीतच राहिला. मांडीवरच्या हातांची बोटं निखळून मातीत पडली. मामानं ती वेचली आणि माझ्या हातात न देता साहेबाच्या हातात दिली.

वस्तीत मामाला बोलणी बसू लागली. तुमच्याच भाच्यानं घालवलं. गावात सरपंचालाही तेच. कशाला आणला तुमचा मास्तर. मुख्याध्यापिकांची किनवटकडं बदली झाली. रागातून झाली की नेहमीची झाली, त्यांनी सांगितलं नाही. जाताना फोन करून म्हणाल्या, "सर, मुलं आता बाबाचं चित्र काढत नाहीत. मी सांगितलं तरी नाही काढत. घरी रागावतात म्हणे."

मी अर्ज करत राहिलो. मूर्ती संग्रहालयात न्या म्हणून. एकीकडून उत्तर आलं जागा नाही, दुसरीकडून आलं प्रकरण वादग्रस्त आहे. मी दोनतीनदा तालुक्याच्या त्या आवारात जाऊन आलो. मूर्ती मागच्या भिंतीकडं तोंड करून टेकवलेली, भोवती जप्त केलेल्या मोटारसायकली आणि वाळूचे ट्रॅक्टर. एकदा तिच्या खांद्यावर कुणाचा तरी ओला रेनकोट वाळत घातलेला होता. बोटं कुठं आहेत विचारलं तर कुणाला ठाऊक नव्हतं.

पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी मामा आजारी पडला. नांदेडला दवाखान्यात ठेवला होता. मी गेलो तेव्हा मामी बाहेर औषधं आणायला गेलेली. मी स्टुलावर बसलो. मीच विचारलं, "मामा, मी काय करायला पाहिजे होतं?"

"काय करणार होतास." त्याचा आवाज बारीक झाला होता. "बुद्ध हाय म्हणाला असतास तर ते म्हणले असते, भाचा हाय, मामाच्या बाजूनं बोलला. काही बी बोलला असतास तरी हेच झालं असतं."

"तुम्ही तर रागावला होतात माझ्यावर."

"रागावलो न्हाई. मला बी दिसल्या की त्या तीन छत्र्या. मी अडाणी न्हाई." जरा दम घेतला. "पर माझ्या बापानं मला मरताना काही ठिवलं न्हाई, भाच्या. ना रान, ना घर. तेवढं एक सांगून ठिवलं होतं, की आपला माणूस ह्या गावात हजार वर्सं बसलाय. आपण काल आलेलो न्हाई. मी गावात कुणाच्या बी डोळ्याला डोळा भिडवून बोलायचो ते त्याच्या जिवावर."

"वस्तीतल्या विहारात बुद्ध आहे की मामा. तुम्हीच पुढाकार घेऊन आणलात."

"तो वर्गणीचा हाय," मामा म्हणाला. "हा जमिनीतून आला होता."

मी इतिहासाचा मास्तर. तुमचे पूर्वज इथं हजार वर्षं नक्कीच होते, तो दगड ज्यांनी ओढून आणला त्यांच्यातही असतील, असं मला सांगता आलं असतं. पण ते दाखवायला माझ्याकडं काहीच नव्हतं. ज्यांनी दगड ओढले त्यांचं नाव कुणी कोरून ठेवत नाही, आणि मामाला हे माझ्याकडून ऐकायची गरज नव्हती. मामी आली. तिनं मला खाली जाऊन चहा घ्यायला सांगितलं. दिवाळीच्या आधी मामा गेला.

त्यानंतर लातूरला एका कॉलेजात वारशावर व्याख्यान ठेवलं होतं, आधीच कबूल केलेलं, म्हणून गेलो. मोठा हॉल, चांगला पडदा, चांगला माईक. हजेरी लागणार म्हणून मुलं भरपूर. मी वीरगळ दाखवले, बारवा दाखवल्या. मूर्तीचा फोटो मी काढून टाकला होता. मागच्या रांगांमध्ये मोबाईलचे उजेड दिसत होते. आभार मानणाऱ्या प्राध्यापकानं सांगितलं की अशा कार्यक्रमांतून समाजात जागृती होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक मुलगी शेवटी जवळ आली. मला वाटलं काही विचारणार. ती म्हणाली, "सर, हजेरीच्या कागदावर तुमची सही लागते."

मुखेडला परतताना मी वाट वाकडी करून त्या आवारात उतरलो. साहेब बदलले होते. नवीन साहेब तरुण, घाईत होते. मी मूर्तीबद्दल विचारलं. त्यांनी शिपायाला बोलावलं, शिपाई मला घेऊन मागं गेला. ट्रॅक्टर सोडवून नेले होते. मोकळ्या जागेत मूर्ती आडवी पडली होती, ओठांचा भाग खडीत. आम्ही दोघांनी मिळून उचलायचा प्रयत्न केला. हलली नाही.

साहेब तोवर बाहेर आले. म्हणाले, "इथं नवीन बांधकाम निघालंय. हे सगळं हलवावं लागणार. तुम्ही सारखे येता म्हणे. तुमचं काही आहे का हे? असेल तर अर्ज द्या आणि घेऊन जा."

"माझं नाही," मी म्हणालो.

"मग कुणाचं आहे?"

मी त्यांना सगळं सांगायला सुरुवात केली. लिंब, पाऊस, खोळ. त्यांचा फोन वाजला. त्यांनी हातानं मला थांबायची खूण केली आणि बोलत बोलत आत गेले. मी थोडा वेळ उभा राहिलो. शिपाई म्हणाला, "सर, साहेबाची मिटिंग हाय आता. लई टाइम लागंल."

स्टँडवर आलो. मुखेडची गाडी लागलेली होती, खिडकीची जागाही मिळाली. घरी बायकोनं विचारलं, कसं झालं लातूरला. मी म्हणालो, गर्दी चांगली होती.